धूर नाही माह्या घरी

पुरुषोत्तमराव काही केल्या चालीत बसत नव्हते.

शाहीर इंद्रभान टिकार सकाळपासून ओसरीवर डफ घेऊन बसला होता. गाणं तसं तयार होतं. ‘भाऊराव आले, भाग्य आमुचे उजळले’ अशी झकास सुरुवात होती. पण आठवड्यापूर्वी मुंबईत काहीतरी उलथापालथ झाली आणि सहकार खातं भाऊरावांकडून पुरुषोत्तमरावांकडे गेलं. आज दुपारी सोसायटीच्या नव्या गोदामाचं उद्घाटन होतं. मंत्री नागपूरहून गाडीनं शेगावला उतरणार आणि फलाटावरच त्यांच्या कानी स्वागतगीत पडणार, असा सोसायटीचे अध्यक्ष पंजाबराव यांचा बेत होता.

ते स्वतःच जीप घेऊन दारात आले.

“झालं का गानं?”

“गानं झालं जी. मंत्री बसून नाही राह्यले.”

“काऊन?”

“लंबे हायेत. भाऊराव कसे झटकन बसत. हे ‘पुरुषो’वरच ताल संपवतात.”

“मंग नुसतं पुरुषोत्तम म्हन.”

“मंत्र्याले अरेतुरे?”

पंजाबरावांनी थोडा विचार केला. “मंग चाल बदल. मंत्री बदलनं काही आपल्या हाती नाही.”

इंद्रभानला चाली बदलायची सवय होती. बांधबंदिस्ती, अल्पबचत, कंपोस्ट खत, देवीची लस, सरकारनं काढलेल्या प्रत्येक गोष्टीवर त्यानं गाणं केलं होतं. सारा तालुका त्याला वाहवा म्हणायचा. ‘ह्ये कडवं खोटं वाटते’ असं म्हणणारी एकटी त्याची बायको कोकिळा होती. ती गेल्यापासून त्याचं एकही कडवं कुणाला खोटं वाटलं नव्हतं आणि एकही कडवं त्याला आठवतही नव्हतं. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून तो डफाशी बोलायचा. आणि डफ काय, जे मारावं तेच बोलणार.

त्यानं चाल बदलली, डोक्याला फेटा गुंडाळला आणि जीपमध्ये बसला.

शेगावच्या फलाटावर बँड, हार, सोसायटीचे सभासद आणि देवदर्शनाहून परतणारी मंडळी अशी भरपूर गर्दी होती. गाडी आली. पहिल्या वर्गाचा डबा समोर येताच इंद्रभाननं डफावर थाप मारली आणि पुरुषोत्तमरावांना एकदाचं तालात ओढलं. डब्याचं दार उघडलं. दारात एक उंच, पांढऱ्या केसांचा, चुरगळलेल्या कोटातला गोरा माणूस उभा होता. तो इंद्रभानकडे बघत राहिला. मग झोपेत चालल्यासारखा खाली उतरला, गर्दीतून वाट काढत डफाजवळ आला आणि मान हलवत ऐकू लागला.

पहिल्या वर्गातून उतरलेल्या माणसाला हार घालायचा, एवढंच सभासदांना सांगितलेलं होतं. त्यांनी घातला. बँडवाल्यांनीही सांगितलेलं केलं, म्हणजे जेवढी ताकद होती तेवढी लावली. त्या गदारोळात इंजिनाची शिटी कुणालाच ऐकू आली नाही. बँड थांबला तेव्हा गाडीचा शेवटचा डबा फलाट सोडत होता.

“हे पुरुषोत्तमराव नाईत,” पंजाबराव म्हणाले.

“हे तं गोरे हायेत,” इंद्रभान म्हणाला.

तेवढ्यात स्टेशनमास्तर तार घेऊन आले. मंत्रिमहोदय तातडीच्या बैठकीमुळे नागपूरलाच थांबले होते. उद्घाटन पुढच्या आठवड्यात ठेवावं. पंजाबरावांचा चेहरा पडला. तिकडे गोदामापुढच्या मांडवात आसपासच्या गावचे लोक येऊन बसले होते आणि वरण-बट्टीचा स्वयंपाक अर्ध्यावर आला होता.

स्टेशनमास्तरांनी पाहुण्याला इंग्रजीत विचारलं, की आपण कोण, कुठले. पाहुण्यानं गळ्यातला हार सावरला आणि हात जोडले.

“महोदय, मेरी रेलगाडी प्रस्थान कर चुकी है. कृपया मुझे थोडा जल प्रदान करें.”

स्टेशनमास्तर दोन पावलं मागे सरले. “हा तं रेडिओवानी बोलते,” इंद्रभान पुटपुटला.

हळूहळू उलगडा झाला. पाहुण्याचं नाव दोरेक. युरोपातल्या एका लहानशा देशाचा तो कवी. तिथं कम्युनिस्टांचं राज्य. तरुणपणी त्यानं संस्कृत आणि हिंदी शिकून घेतलं होतं, म्हणून सरकारनं त्याला लेखकांच्या शिष्टमंडळातून भारतात पाठवलं होतं. नागपूरला पंडितांच्या भेटी घेऊन तो मुंबईला चालला होता. सोबतचा माणूस डब्यात गाढ झोपलेला होता, तो तसाच पुढे गेला.

स्टेशनमास्तरांनी मलकापूरला तार ठोकली. सोबत्याला तिथं उतरवून दुपारच्या पॅसेंजरनं परत पाठवायचं ठरलं. तोवर पंजाबरावांचा विचार पक्का झाला होता.

“मास्तर, हे आमच्यासंगं येतीन. जेवतीन, दोन शब्द बोलतीन. मंत्री काय, दर सालाले येते. असा पाव्हना आपल्याकडं कवा येनार?”

“पण जबाबदारी कुणाची?” स्टेशनमास्तरांनी विचारलं.

“शाहिराची. शाहिराच्या गान्यानंच उतरले ते खाली.”

पाहुण्याला सोसायटीच्या कचेरीत बसवलं आणि पंजाबराव मांडवाकडे गेले. खताच्या पोत्यांच्या वासात, दोन लोखंडी खुर्च्यांवर, कवी आणि शाहीर समोरासमोर उरले. इंद्रभानची हिंदी बाजारातली होती आणि दोरेकची पोथीतली. तरी काम भागत होतं.

“आप का गीत सुंदर था,” दोरेक म्हणाला. “किस विषय पर था?”

“मंत्री पर.”

“प्रेमगीत?”

इंद्रभान हसला. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे त्याला ठसका लागला. मग त्यानं भाऊराव आणि पुरुषोत्तमरावांची सगळी हकिकत सांगितली. दोरेक लक्ष देऊन ऐकत होता. मध्येच त्याच्या चेहऱ्यावर जुना मित्र भेटल्यासारखं काहीतरी उमटलं.

“मैंने भी एक महाकाव्य लिखा था. हमारे नेता पर. पुस्तक छप गई, तब नेता बदल गए. नया नाम छंद में नहीं बैठता था.”

“मंग? फिर क्या किया?”

“उस में एक नदी थी. नदी निकाल दी. तब जगह हुई.”

इंद्रभाननं मांडीवर हात मारला. “नदी काढली. हे मले सुचलंच नाही.”

“मेरे एक मित्र थे,” दोरेक पुढे म्हणाला. “वे मुझ से बडे कवि थे. उन्हों ने नाम नहीं बदला.”

“फिर?”

“फिर उन का ही नाम बदल गया. अब वे एक संख्या हैं. कारागार में.”

मग इंद्रभाननं विचारलं, की गाडीत झोपलेले ते साहेब तुमचे सचिव का?

“नहीं. मैं उन का काम हूँ,” दोरेक म्हणाला. “दिन भर साथ रहते हैं. मैं क्या बोलता हूँ, किस से बोलता हूँ, सब देखते हैं. कई वर्षों से मैं कभी अकेला नहीं रहा. और बात करने को कोई नहीं.”

“मेरा उल्टा है,” इंद्रभान म्हणाला. “मैं अकेलाच रहता हूँ. बाकी सेम.”

पंजाबरावांचं बोलावणं आलं. उठताना दोरेकनं हळूच विचारलं, “वहाँ मेरी भाषा कोई जानता है?”

“इथं? इधर तो पूनावालों की भाषा भी कोई नहीं जानता.”

“तब मैं अपने मित्र की एक कविता बोलूँगा. हमारे यहाँ वह मना है.”

इंद्रभान त्याला अडवायला पुढे झाला. पण पाहुणा तोवर मांडवाच्या दिशेनं चालू लागला होता, आणि स्टेशनवर उतरलेल्या माणसापेक्षा तो बराच तरुण दिसत होता.

मांडवात पंजाबरावांनी पाहुण्याची ओळख ‘सहकाराचा अभ्यास करायला खास आलेले दोरेकर साहेब’ अशी करून दिली. टाळ्या पडल्या. दोरेकनं दोन वाक्यं आपल्या पोथीतल्या हिंदीत बोलून सगळ्यांना आदरानं नमस्कार केला आणि मग डोळे मिटून स्वतःच्या भाषेत कविता सुरू केली. आवाज खोल होता. शब्द नदीतल्या गोट्यांसारखे एकमेकांवर घासत होते. मागे बट्टी थापणाऱ्या बायांचे हात थांबले. एका ठिकाणी त्याचा आवाज फाटला आणि गालावरून पाणी ओघळलं.

पंजाबराव इंद्रभानच्या कानाशी आले. “काय म्हनते थो? रडून काऊन राह्यला? लोकायले सांग.”

इंद्रभान उभा राहिला. “पाव्हने म्हनतात का, असं गोदाम त्यायनं साऱ्या युरोपात नाही पाह्यलं. त्यायले भरून आलं.”

मांडव टाळ्यांनी दणाणला. दोरेकनं डोळे उघडले. मित्राच्या कवितेला एवढ्या टाळ्या पडताना पाहून तो पुरता विरघळला आणि त्यानं दुसरी कविता सुरू केली. ही पहिलीपेक्षा जोरकस होती. तिच्यात एक नाव पुन्हा पुन्हा येत होतं आणि ते घेताना तो मूठ हवेत उगारत होता.

नेमकी तेव्हाच सोसायटीची जीप मांडवाच्या तोंडाशी येऊन थांबली. स्टेशनमास्तरांच्या शेजारून एक बुटका, लालबुंद झालेला माणूस खाली उतरला. हाच तो सोबती. तो इकडेतिकडे न बघता सरळ व्यासपीठाकडे यायला लागला. मांडवाच्या त्या टोकाला आवाज अजून नीट पोचत नव्हता. दहा-बारा रांगा ओलांडल्या की पोचला असता.

त्या सगळ्या गर्दीत काय घडतंय हे कळणारा इंद्रभान एकटाच होता. त्यानं डफ उचलला आणि कवितेच्या ऐन मध्यावर कडाडून थाप मारली. “धन्य धन्य दोरेकर” असं जे सुचेल ते तो खड्या आवाजात गाऊ लागला. बँडवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तेही सुटले. दोरेक तोंड उघडं ठेवून त्याच्याकडे बघत राहिला. भर सभेत थोबाडीत बसावी तसा त्याचा चेहरा झाला. मग त्याची नजर रांगांमधून येणाऱ्या बुटक्या माणसावर गेली. त्यानं मूठ सोडली, हात जोडले आणि खाली बसला.

सोबत्यानं स्टेशनमास्तरांमार्फत चौकशी केली. हा माणूस काय बोलला?

“त्यायच्या सरकारची लय तारीफ केली,” इंद्रभान म्हणाला. “म्हने आमच्या राज्यात कवी लोकायची फार काळजी घेतात. कवीले एकटं सोडत नाहीत.”

स्टेशनमास्तरांनी ते इंग्रजीत करून सांगितलं. सोबत्यानं समाधानानं मान डोलावली. जेवणात त्यानं बट्टीवर भरपूर तूप घेतलं आणि तो पंजाबरावांशी खुणांनी मोकळेपणानं बोलू लागला.

संध्याकाळच्या गाडीला दोघांना बसवून दिलं. सोबती आधी चढला आणि त्यानं दोरेकला आपल्या शेजारी खिडकीशी बसवलं. निघताना दोरेकनं खिडकीतून इंद्रभानचा हात बराच वेळ हातात धरला.

“आप अच्छे अनुवादक हैं,” एवढंच तो म्हणाला.

गाडी गेली. पंजाबराव खूश होते. सभा गाजली होती. इंद्रभान जीपमध्ये न बसता पायी घरी गेला. पुढचे काही दिवस त्याला ती कविता आठवत राहिली, म्हणजे तिचा आवाज. कविता गाताना मध्येच कुणी डफ वाजवला तर कसं वाटतं, याचा तो विचार करायचा. आणि त्या माणसाचा त्याला थोडा हेवाही वाटायचा. परमुलखात कुणाला शब्द कळत नाही, म्हणून त्याला मनातलं बोलता आलं. आपलं तसं नाही. आपण तोंड उघडलं की साऱ्या गावाला समजतं.

तरीही त्या दिवसांत त्याच्या मनात एक गाणं जुळलं. सरकारनं न सांगितलेलं, पहिलंच. ते त्यानं कुणाला म्हणून दाखवलं नाही. दाखवायला कुणी नव्हतंही.

पुढच्या आठवड्यात मंत्री खरोखर आले. मोटारीनं आले. सभेच्या तोंडावर पंजाबराव घामाघूम होऊन इंद्रभानकडे धावत आले.

“पुरुषोत्तमराव आजारी पडले. त्यायच्याबदली दुसरे आले. नाव ध्यानात ठेव.” त्यांनी कानात नाव सांगितलं.

नाव आडनावासकट लांबलचक होतं. इंद्रभान ते घोकत व्यासपीठावर चढला. डफावर थाप मारली, “आले, आले” म्हणाला आणि थांबला. भाऊराव आठवत होते, पुरुषोत्तमराव आठवत होते, दोरेकरसुद्धा आठवत होते. समोर बसलेल्या माणसाचं नाव मात्र साफ पुसलं गेलं होतं. पंजाबराव ओठ हलवून नाव सुचवत होते, पण त्या हलणाऱ्या मिशांतून काही कळेना. हात ताल धरून बसलेला. सभा वाट बघतेय. अशा वेळी इंद्रभानच्या तोंडून बिननावाचं एकमेव गाणं बाहेर पडलं.

तू गेली तवापून, धूर नाही माह्या घरी,
भिती पांढऱ्याच्या पांढऱ्या, चूल थंडी दिवसभरी.
नाही धूर, नाही राख, डोये गयते काऊन तरी?

शेवटची ओळ त्यानं कशीबशी म्हटली. त्यानं डफ खाली ठेवला. आता पंजाबराव आपल्याला उभ्यानं सोलणार, याची त्याला खात्री होती.

मंत्री उठून उभे राहिले. ते भारावलेले दिसत होते.

“शाहिरांनी आज माझं भाषणच करून टाकलं,” ते म्हणाले. “बिनधुराच्या चुलीची नवी योजना आम्ही अजून जाहीरही केली नाही, आणि ती या लोककवीच्या काळजापर्यंत पोचली. तू गेली, म्हणजे कोण गेली? जुनी चूल गेली. धूर गेला. भिंती पांढऱ्या झाल्या. आणि डोळे का गळतात? तर ज्या घरांत अजून जुनी चूल आहे, तिथल्या माताभगिनींच्या आठवणीनं गळतात.”

टाळ्या थांबता थांबेनात. इंद्रभान हात जोडून उभा होता. हात खाली घ्यायचे असतात, हेही त्याला सुचत नव्हतं.

“बेट्या, मले पह्यले सांगायचं ना, चुलीवर केलं म्हून,” पंजाबराव नंतर त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. “मी नाव सांगून सांगून मेलो.”

“बायकोवर केल्तं जी.”

“तेच तं. चूल म्हनलं का बायको आलीच.”

महिनाभरात ग्रामसुधारणेचे एक साहेब, बैलगाडीत ठेवलेली मातीची नमुन्याची चूल, तिच्यावर पत्र्याचं धुराडं आणि मागे बसलेला इंद्रभान अशी फेरी निघाली. गावोगाव चूल पारावर ठेवायची, इंद्रभाननं गाणं म्हणायचं, मग साहेबांनी चुलीचे फायदे सांगायचे. पहिल्या काही गावांत इंद्रभानचा गळा त्याच ओळीला दाटायचा. साहेब म्हणायचे, “अभिनय चांगला आहे, पण थोडा आवरा. लोकांना वाटेल चुलीनं त्रास होतो.” मग तो आवरू लागला. फेरी संग्रामपूरकडे वळेपर्यंत ते गाणं त्याला कंपोस्ट खताच्या गाण्यासारखंच म्हणता यायला लागलं. याचं त्याला इतकं वाईट वाटलं, की गाडीत तो डफ पालथा ठेवून त्याच्याकडे पाठ करून बसू लागला.

सोनाळ्याला सभा दुपारी उरकली. बाया चुलीभोवती जमल्या, धुराड्याला बोटं लावून पाहू लागल्या, साहेब माहिती देऊ लागले. इंद्रभान पाराच्या दुसऱ्या कडेला पाणी पीत बसला होता. एक म्हातारी चुलीकडे न जाता त्याच्याजवळ येऊन टेकली. गावातली सोजराबाई, मिरचीचा मळा करणारी.

“शाहीर, मालकीन कवा गेली तुमची?”

इंद्रभाननं तांब्या खाली ठेवला. आजवर इतक्या गावांत गाणं म्हटलं, पण हे कुणी विचारलं नव्हतं.

“दोन साल झाले.”

“नाव काय व्हतं?”

“कोकिळा.”

“लेकरूबाळ?”

“नाही.”

सोजराबाईनं मान हलवली. पलीकडे साहेब धुराडं साफ कसं करायचं ते समजावून सांगत होते.

“मंग जेवता कोठी?”

“हाटेलात. नाईतं तसाच.”

“चूल पेटवतच नाही?”

“पेटवली का एकट्याले लय मोठी वाटते.”

सोजराबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. “चाला, भाकर खाऊन घ्या. पन सांगून ठेवते, माह्या घरी धूर लय हाये.”

इंद्रभान साहेबांना न सांगताच तिच्यामागे निघाला. घर लहान होतं, छप्पर ठेंगणं, आणि चुलीत कपाशीच्या पऱ्हाटीची ओली लाकडं धुमसत होती. सोजराबाईनं ठेचा वाटला, भाकर थापली, तव्यावर टाकली. इंद्रभान भिंतीला टेकून बसला. भिंत काळीकुट्ट होती. त्यानं पहिला घास घेतला, आणि मग घास हातात धरून कितीतरी वेळ तसाच बसून राहिला. त्या घरात इतका धूर होता, की डोळ्यांतून एवढं पाणी काऊन येते, हे त्याला कुणी विचारलं नाही.